अनुदान मोजण्याआधी जागा मोजा

अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाने २००१ साली पदवीच्या विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या आर्थिक मदतीतून कर्ज हा भाग काढून टाकला आणि तेवढी रक्कम अनुदान म्हणून द्यायला सुरुवात केली. त्याआधी १९९८ मध्ये कमी उत्पन्नाच्या कुटुंबांपुरता हा प्रयोग तिथे झाला होता. २००१ मध्ये मदतीला पात्र ठरणाऱ्या प्रत्येकाला तो लागू झाला. पुढच्या सात-आठ वर्षांत हार्वर्ड, येल, स्टॅनफर्ड, डेव्हिडसन, ॲमहर्स्ट अशा श्रीमंत संस्थांनी आपापल्या परीने तोच मार्ग धरला. नॉर्थ कॅरोलायनाच्या सरकारी विद्यापीठानेही २००४ पासून गरीब विद्यार्थ्यांसाठी ‘कॅरोलायना कव्हनंट’ ही कर्जमुक्त मदत सुरू केली. २०२५ मध्ये हार्वर्डने आणखी पुढे जाऊन वर्षाला २ लाख डॉलरपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांना शिकवणी शुल्क माफ केले. आपल्याकडे व्हॉट्सॲपवर ही बातमी ‘हार्वर्ड आता मोफत’ एवढ्याच मजकुरासह फिरली.

कर्जाऐवजी अनुदान देणे चांगलेच. अठराव्या वर्षी माणसाच्या डोक्यावर हप्त्यांचे ओझे टाकू नये, हे सांगायला अर्थशास्त्र लागत नाही. तरीही अर्थशास्त्राने ते तपासले आहे. जेसी रॉथस्टाइन आणि सिसिलिया राउझ या दोन अभ्यासकांनी एका अतिशय निवडक विद्यापीठात कर्जाच्या जागी अनुदान आल्यावर काय झाले ते पाहिले. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार कर्ज डोक्यावर असलेले पदवीधर जास्त पगाराच्या नोकऱ्यांकडे वळत आणि शिक्षकी, समाजसेवा यांसारख्या कमी पगाराच्या, लोकांच्या उपयोगाच्या कामांपासून दूर राहत. म्हणजे कर्ज फक्त खिशातून पैसे काढत नाही, पुढच्या आयुष्याची दिशाही बदलते. एवढा पुरावा असताना या धोरणाला विरोध करण्याचे कारण नाही. मला धास्ती वाटते ती त्याच्या नकलेची. या धोरणातला सर्वांत दिसणारा भाग उचलायचा, त्याची घोषणा करायची आणि ज्यावर ते उभे आहे तिकडे बघायचेच नाही, असे सहज होऊ शकते.

आधी हिशेब कसा मांडला जातो ते पाहू. अमेरिकी महाविद्यालय एका वर्षाचा सगळा खर्च धरते: शुल्क, वसतिगृह, जेवण, पुस्तके, प्रवास. प्रिन्स्टनसारख्या ठिकाणी हा आकडा आता ८० हजार डॉलरच्या वर आहे. त्यातून कुटुंबाला झेपेल असा वाटा वजा होतो. हा वाटा कुटुंबाच्या तोंडी सांगण्यावर ठरत नाही. उत्पन्न, बचत, काही ठिकाणी राहत्या घराची किंमतसुद्धा धरून एक सूत्र तो ठरवते. उरते ती विद्यार्थ्याची ‘गरज’. पूर्वी ही गरज अनुदान, आवारातले अर्धवेळ काम आणि कर्ज अशी मिळून भागवली जाई. नव्या धोरणात कर्ज गळते आणि अनुदान तेवढे वाढते. पण वजाबाकीची पहिली पायरी तशीच राहते. सूत्राने काढलेला वाटा घराला पेलला नाही, तर आईवडील ‘पेरेंट प्लस’ या सरकारी योजनेतून किंवा खासगी बँकेतून कर्ज काढतात. मुलीच्या मदतपत्रावर कर्ज शून्य आणि घरी हप्ता चालू, असे सर्रास घडते. सूत्र उत्पन्न आणि मालमत्ता पाहते. आजीचे औषधपाणी, धाकट्याची फी, बुडालेला धंदा त्याला फारसे दिसत नाही.

हा झाला प्रवेश मिळालेल्यांचा हिशेब. खरी मेख त्याच्या अलीकडे आहे.

अमेरिकेत गरीब घरातल्या मुलांना केंद्र सरकार ‘पेल ग्रँट’ नावाचे अनुदान देते. एखाद्या महाविद्यालयात गरीब मुले किती आहेत हे मोजायचे, तर तिथे पेल मिळवणारे किती हे पाहतात. प्रिन्स्टनच्या २००८ मध्ये पदवी घेतलेल्या तुकडीत हे प्रमाण सुमारे ७ टक्के होते. ही मुले २००४ मध्ये दाखल झाली होती, म्हणजे कर्ज पूर्ण बंद होऊन तीन वर्षे लोटली होती. देशातली सर्वांत उदार मदत उपलब्ध होती आणि ती घ्यायला शंभरात सातच गरीब मुले आत होती. अलीकडच्या तुकड्यांत हा आकडा २० टक्क्यांच्या वर गेला आहे. पण तो अनुदानाने आपोआप चढला नाही. विद्यापीठाने मुले कुठे शोधायची आणि कोणाला आत घ्यायचे हे बदलायला घेतले, तेव्हा तो हलला.

राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये केलेली मांडणी तर आणखी बोचरी आहे. १९८० ते १९९१ दरम्यान जन्मलेल्या मुलांची माहिती तपासताना त्यांना अशी ३८ महाविद्यालये आढळली, जिथे देशातल्या सर्वांत श्रीमंत १ टक्का घरांतली मुले खालच्या ६० टक्के घरांतल्या एकूण मुलांपेक्षा जास्त होती. त्यांत प्रिन्स्टन, येल, डार्टमथ, ब्राऊन आणि पेनसिल्व्हेनिया होती. ‘नो-लोन’च्या, म्हणजे कर्जमुक्त मदत देणाऱ्यांच्या, यादीतलीच ही नावे. याच गटाने २०२३ मध्ये दाखवले, की परीक्षेतले गुण सारखे असले तरी सर्वांत श्रीमंत घरातले मूल अशा संस्थांत शिकण्याची शक्यता मध्यमवर्गीय मुलाच्या दुपटीहून जास्त असते. माजी विद्यार्थ्यांच्या पाल्यांना झुकते माप, महागड्या खेळांतल्या खेळाडूंसाठी राखलेल्या जागा आणि ‘व्यक्तिमत्त्वा’चे गुण, या वाटांनी श्रीमंत मुले पुढे येतात. आत जाण्याची वाट अरुंद आणि तिरकी असेल, तर आत गेल्यावर मिळणारे अनुदान कितीही मोठे असले तरी ते बाहेर उभ्या असलेल्याच्या उपयोगाचे नाही. संस्थेला मात्र त्यातून नावलौकिक मिळतो, आणि तो तुलनेने स्वस्तात पडतो. गरीब मुले थोडी असली की त्यांना सगळे देणे परवडते.

परवडण्याचा मुद्दा निघालाच आहे, तर पैसा येतो कुठून तेही पाहायला हवे. या संस्थांकडे एन्डाऊमेंट असते: देणगीदारांनी पिढ्यान्पिढ्या दिलेला, बाजारात गुंतवलेला निधी. मुद्दल सहसा मोडत नाहीत. दरवर्षी त्यातला थोडा हिस्सा खर्चाला काढतात. प्रिन्स्टनचा असा निधी ३० अब्ज डॉलरहून मोठा आहे आणि पदवीचे विद्यार्थी सहा हजारही नाहीत. हे गुणोत्तर जगात हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्याच ठिकाणी सापडेल. बाजार पडला की काय होते तेही आपण पाहिले. २००८-०९ च्या मंदीत हार्वर्डच्या निधीला गुंतवणुकीवर एका आर्थिक वर्षात २७ टक्के तोटा झाला. हार्वर्ड तरले. मॅसॅच्युसेट्समधल्या विल्यम्स महाविद्यालयाने २००८ मध्ये कर्ज बंद केले होते; २०१० मध्ये त्याने ते पुन्हा सुरू करण्याचे जाहीर केले. डार्टमथनेही २००८ मध्ये कर्ज काढून टाकले आणि २०१० मध्ये ७५ हजार डॉलरच्या वर उत्पन्न असलेल्या कुटुंबांसाठी परत आणले. पुढे २०२२ मध्ये दोघांनीही पुन्हा कर्जमुक्तीची घोषणा केली. विल्यम्सने तर या वेळी आवारातल्या कामाची अटही काढली. त्यासाठी त्यांचे कौतुक करावे. पण मधल्या बारा वर्षांत शिकून गेलेल्यांचे काय? तेच महाविद्यालय, तेवढेच उत्पन्न. फक्त जन्माचे वर्ष वेगळे, म्हणून एकाला अनुदान आणि दुसऱ्याला कर्ज. या बदलात कोणताही कायदा मोडला नव्हता, कारण ते वचन कायद्यात लिहिलेले कधी नव्हतेच.

आता या निधीवर सरकारचा डोळाही आहे. २०१७ मध्ये त्याच्या उत्पन्नावर १.४ टक्के कर बसला. २०२५ च्या कायद्याने दर विद्यार्थ्यामागे सर्वांत जास्त निधी असलेल्या संस्थांसाठी तो ८ टक्क्यांपर्यंत नेला. अनुदान नेमके याच तिजोरीतून जाते. आडात पाणी कमी झाले, तर पोहऱ्यात ते कुठून येणार?

मग हे काम सरकारनेच करावे, असे कोणी म्हणेल. तत्त्वतः मलाही तेच पटते. पण सरकारी अनुदानाला वेगळा रोग जडतो. ते एका दिवसात बंद होत नाही, वर्षानुवर्षे झिजत जाते. पेल अनुदानाचा पाया १९७२ च्या कायद्यात आहे. १९८० मध्ये त्याला सिनेटर क्लेबर्न पेल यांचे नाव मिळाले. १९७० च्या दशकाच्या मध्यावर या अनुदानाची कमाल रक्कम चार वर्षांच्या सरकारी महाविद्यालयात राहून शिकण्याच्या खर्चाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग भागवत असे. आता ७,३९५ डॉलरची कमाल रक्कम खर्चाचा तिसरा हिस्साही भागवत नाही. हे अनुदान कोणी रद्द केले नाही, त्याविरुद्ध मोर्चा निघावा असा एकही दिवस उगवला नाही. खर्च वाढत गेला, रक्कम मागे पडत गेली आणि मधली फट कर्जाने भरली. आज अमेरिकेचे केंद्रीय शैक्षणिक कर्ज सुमारे १.६ लाख कोटी डॉलर आहे आणि ऋणको चार कोटींहून अधिक. तिथल्या कर्जसंकटावर लिहिताना बँकांना आणि व्याजाला दोष दिला जातो. माझ्या मते या अनुदानाची झीज हे त्यामागचे तेवढेच मोठे कारण आहे. महागाईशी न जोडलेले अनुदान म्हणजे उशिरा येणारे कर्ज.

युरोपात अनुदान आणि कर्ज यांच्यातला हा झोका अधिक उघडपणे हलतो. इंग्लंडमध्ये १९६२ च्या कायद्याने विद्यार्थ्याला राहण्या-जेवण्यासाठी अनुदान मिळत असे. १९९० मध्ये ते गोठवून शेजारी कर्ज आणले, १९९९ मध्ये अनुदान संपवले, पुढे ते परत आणले आणि २०१६ मध्ये पुन्हा काढून त्या जागी कर्ज दिले. शेवटच्या फेरीचा परिणाम विचित्र झाला. राहण्याचे कर्ज गरिबाला जास्त मिळते, म्हणून इन्स्टिट्यूट फॉर फिस्कल स्टडीज या संस्थेच्या २०१७ च्या हिशेबात सर्वांत गरीब ४० टक्के घरांतला विद्यार्थी सुमारे ५७ हजार पौंडांचे कर्ज घेऊन बाहेर पडणार होता, तर सरासरी विद्यार्थ्यावर ५० हजार. ज्याच्या घरात कमी, त्याच्या डोक्यावर जास्त. नेदरलँड्सने २०१५ मध्ये सर्वांना मिळणारे मूळ अनुदान बंद केले आणि वाचलेला पैसा शिक्षणाच्या दर्जावर खर्च करण्याचे आश्वासन दिले. २०२३ मध्ये अनुदान परत आले. मधल्या आठ वर्षांत शिकलेल्यांना तिथे ‘दुर्दैवी पिढी’ म्हणतात. चार वर्षे अनुदानाविना काढलेल्याला भरपाई ठरली जेमतेम १,४३६ युरो. त्यातच कर्ज घेताना शून्य असलेला व्याजदर २०२४ मध्ये २.५६ टक्के झाला. कर्जाकडून अनुदानाकडे जाणे ही सुधारणाच. पण सुधारणेच्या आधल्या दिवशी शिकून बाहेर पडलेल्या तरुणाला ती दुसऱ्या कोणाची तरी चैन वाटते. कर्जाच्या जागी अनुदान आणणाऱ्या कुठल्याही सरकारने जुन्या ऋणकोंचे काय करणार हे पहिल्याच दिवशी सांगितले पाहिजे.

अनुदानाची मुदत आणि अट माणसाच्या आयुष्यात काय करते, याचे सर्वांत मोठे उदाहरण मराठी वाचकाला माहीत आहे. १९१३ मध्ये बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले: दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षे, आणि परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार. त्या शिष्यवृत्तीचे मोल कोणत्याही हिशेबात मावणार नाही. तरी ती संपली तेव्हा, १९१७ मध्ये, लंडनमधला अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. बडोद्यात नोकरी होती. अस्पृश्य म्हणून राहायला जागा मिळेना आणि ती नोकरी सोडावी लागली. १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले ते सिडनहॅम कॉलेजातल्या पगारातली बचत, शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेले पाच हजार रुपये यांच्या बळावर. अनुदानाने जे सुरू केले ते पुरे करायला पदरमोड आणि उसनवारी लागली. मधली तीन वर्षे गेली ती गेलीच. ज्यांना दुसरी संधी मिळाली नाही, अशांची नावे आपल्याला माहीत असण्याचे कारण नाही.

आज परदेशी जाणाऱ्या आपल्या मुलांकडे वळू. २०२३-२४ मध्ये अमेरिकेत ३ लाख ३१ हजारांहून अधिक भारतीय विद्यार्थी होते. त्यांत पदवीपूर्व शिक्षण घेणारे फक्त ३६ हजारांच्या आसपास. वर सांगितलेली सगळी कर्जमुक्ती पदवीपूर्व विद्यार्थ्यांची आहे. पुण्या-नाशिकहून एमएस करायला निघालेल्या मुलाचा तिच्याशी संबंध नाही. पदवीसाठी जाणाऱ्यांतही परदेशी अर्जदाराची ऐपत न पाहता प्रवेश देणारी आणि त्याची पूर्ण गरज भागवणारी महाविद्यालये मूठभर आहेत; बाकीच्यांकडे मदत मागितली की प्रवेशाची शक्यता घटते. एमएसवाल्यांचा आधार म्हणजे इथल्या बँकेचे कर्ज, आणि मोठ्या रकमेला तारण लागते. इथे एक गोष्ट शहरी वाचकाच्या लक्षात येत नाही. शहरातला फ्लॅट बँकेला चालतो. शेतजमीन बहुतेक बँका घेत नाहीत, कारण थकबाकी वसुलीच्या ‘सरफेसी’ कायद्यातून ती वगळलेली आहे. दहा एकर असलेल्या शेतकऱ्याचा मुलगा कागदावर मालमत्तेचा धनी असून कर्जाला नालायक ठरतो आणि जास्त व्याजाच्या खासगी वित्तसंस्थेकडे जातो. कर्जसुद्धा सर्वांना सारखे उपलब्ध नसते. म्हणून अनुदान हवे, हे मी पुन्हा म्हणेन.

देशातल्या धोरणाचा प्रवाह मात्र सध्या दोन्ही दिशांनी वाहतो आहे. केंद्राने २०१७ मध्ये कॅनरा बँकेसोबत ‘हेफा’ ही वित्तसंस्था उभारली आणि इमारती-प्रयोगशाळांसाठी आयआयटीसारख्या संस्थांना पूर्वी जे अनुदान मिळे, त्यातला मोठा भाग कर्जाकडे वळवला. त्या कर्जाची काही फेड संस्थेने स्वतःच्या उत्पन्नातून करायची, आणि त्या उत्पन्नात विद्यार्थ्यांचे शुल्क आलेच. त्याच्या आदल्या वर्षी आयआयटीचे वार्षिक शिकवणी शुल्क ९० हजारांवरून २ लाखांवर गेले होते. अनुसूचित जाती-जमातींना आणि अत्यल्प उत्पन्नाच्या घरांना पूर्ण माफी आहे, ही जमेची बाजू. सवलतींच्या मर्यादेच्या जेमतेम वर असलेला मात्र बँकेच्या दारात उभा आहे. २०२४ च्या ‘पीएम विद्यालक्ष्मी’ योजनेत ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याजसवलत मिळते. सवलत आहे, पण मूळ वस्तू कर्जच.

महाराष्ट्राने जुलै २०२४ मध्ये उलट पाऊल टाकले. ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शुल्कात पूर्वी निम्मी सवलत होती, ती पूर्ण केली. निर्णय चांगला आहे. काळजी अंमलबजावणीची आहे. सवलत केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून आलेल्यांना आणि शुल्कापुरती आहे. खोलीचे भाडे, मेस, एसटीचा पास, लॅपटॉप हा खर्च तसाच राहतो, आणि गावाकडच्या मुलीचे शिक्षण अनेकदा शुल्कापेक्षा खोलीभाड्यावर अडते. शिवाय शासनाकडून शुल्काची प्रतिपूर्ती उशिरा येते, ही संस्थाचालकांची जुनी तक्रार आहे. पैसे उशिरा आले, की कुठले ना कुठले कॉलेज ‘आधी भरा, आल्यावर परत करू’ म्हणते. बाप सावकाराकडे किंवा पतसंस्थेत जातो. सरकारी कागदावर ते अनुदान असते, त्या घरात ते कर्जच असते, आणि तेही शैक्षणिक कर्जापेक्षा महाग.

अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना परदेशी शिक्षणासाठी पूर्ण खर्च देणारी राज्याची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती ही खऱ्या अर्थाने कर्जाची जागा घेणारी योजना. शुल्क, निर्वाह, विमानभाडे सगळे त्यात येते. तिच्या जागा आहेत ७५. तेरा कोटींच्या आसपास लोकवस्तीच्या राज्यात.

म्हणून शासनाला मागणे आहे. शिष्यवृत्तीची रक्कम वाढवल्याचे जाहीर करताना जागा किती वाढवल्या तेही सांगा. निर्वाह भत्ता महागाई निर्देशांकाशी कायद्याने जोडा. पैसे सत्र संपताना देण्याऐवजी प्रवेशाच्या दिवशी संस्थेच्या खात्यात जमा करा, आणि एकदा प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्याला अभ्यासक्रम संपेपर्यंत तीच अट लागू राहील हे लिहून द्या. आणि अमेरिकी विद्यापीठाचे मदतपत्र हाती पडलेल्या पालकांना एवढेच सांगेन: कर्जाची ओळ नाही म्हणून हायसे वाटण्याआधी कुटुंबाच्या वाट्याची ओळ वाचा, तिला चारने गुणा, मग विमानाचे तिकीट काढा.